ग्राफिक्स कार्डला गणित शिकवलं कोणी

परवा रामबागेत ताईकडे गेलो तर भाचीचा लॅपटॉप घरघर घरघर करतोय आणि ताई वैतागलेली, की एमएस्सीला गेली तरी पोरीचा गेम सुटत नाही. गेम नव्हताच तो. पत्र्याच्या तुकड्यात उष्णता कशी पसरते त्याचा पायथनमधला प्रोग्राम होता, 4000 बाय 4000 खाने, म्हणजे 1.6 कोटी, आणि तिचं रडगाणं वेगळंच, "मामा, ग्राफिक्स कार्डावर टाकलं तर उलट स्लो झालं!"

आता हे का होतं ते कळायला कार्डाची कुंडली बघावी लागते.

नव्वदच्या दशकात कार्डाचं काम एकच, गेमचं चित्र रंगवणं. 640 बाय 480 चा स्क्रीन सेकंदाला 60 वेळा रंगवायचा म्हणजे साधारण 1.84 कोटी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा हिशोब शेजारच्यावर अवलंबून नाही. मग एक हुशार आचारी ठेवण्यापेक्षा लग्नघरात पोळ्या लाटायला बायका बसवतात तसं केलं, डोकं कमी, हात भरपूर. 1999 ला एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स 256 हे कार्ड काढलं आणि जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट, हा शब्द गाजवला (सोनी प्लेस्टेशनच्या चिपला तो 1994 पासूनच वापरत होती, पण जाहिरात ज्याची जोरात नाव त्याचं). 2001 च्या जीफोर्स 3 मध्ये पहिल्यांदा कार्डाला स्वतःचे छोटे प्रोग्राम देता यायला लागले, त्यांना शेडर म्हणतात.

इथून खरी मजा. शास्त्रज्ञ मंडळींना दिसलं की इतके हात रिकामे पडलेत, पण कार्डाला गणिताची भाषाच येत नाही, फक्त चित्राची येते. मग त्यांनी कार्डाला चक्क फसवलं. आकड्यांची मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, घ्यायची, तिला टेक्स्चर म्हणजे भिंतीवर चिकटवायचा फोटो म्हणून कार्डात भरायची, मग सांगायचं की स्क्रीनभर एक चौकोन रंगव, रंग काढायच्या शेडरमध्ये आपली बेरीज-गुणाकार लपवायचे, आणि चित्र तयार झालं की त्यातले रंग परत आकडे म्हणून वाचायचे. 2001 मध्ये अशा पद्धतीने मॅट्रिक्सचा गुणाकार करून दाखवला गेला, तोही 8 बिटमध्ये, रंगाला तेवढंच लागतं ना, 0 ते 255. शास्त्राच्या कामाला ते काय पुरणार. फ्लोटिंग पॉइंटवाली, म्हणजे दशांशाचे आकडे नीट धरणारी, कार्डं त्यानंतर एक-दोन वर्षात आली तेव्हा कुठे जीव आला.

तिकडे साध्या प्रोसेसरची गाडी अडली होती. इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 ऑक्टोबर 2004 मध्ये रद्दच केला, चिप इतकी तापायची की घड्याळ, म्हणजे चिपचा वेग, अजून पळवणं परवडेना. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये इयन बक आणि मंडळींनी ब्रुक नावाची भाषा मांडली, चौकोन-बिकोन विसरा, सरळ सी सारखं लिहा. बक पुढे एनव्हिडियात गेला आणि नोव्हेंबर 2006 मध्ये 128 कोअरच्या जीफोर्स 8800 जीटीएक्स कार्डासोबत कूडा, म्हणजे कार्डाकडून सरळ गणित करून घ्यायची एनव्हिडियाची प्रोग्रामिंगची सोय, जाहीर झालं, लोकांच्या हातात आलं 2007 ला.

आम्ही पण तेव्हा वर्गणी काढून इथल्या एका दुकानातून कार्ड आणलं, दुकानदार म्हणे "चलेगा भिया, बिंदास लगाओ", दुसऱ्या दिवशी एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, जळाला. असो.

तेव्हाची एक खोट मात्र फार त्रासदायक, डबल प्रिसिजन, म्हणजे जास्त अचूक 64 बिटचे आकडे, नव्हतंच, ते कूडाच्या कार्डांवर 2008 च्या जीटीएक्स 280 पासून आलं. त्याच वर्षी डिसेंबरात ओपनसीएलही आलं, कूडासारखंच पण कुठल्याही कंपनीच्या कार्डासाठी. 2012 ला फोटोतल्या वस्तू ओळखणारं एआय अ‍ॅलेक्सनेट दोन जीटीएक्स 580 वर शिकवलं गेलं, मग एआयवाल्यांची झुंबड उडाली, ते सगळ्यांना माहितीये.

तर भाचीचं काय चुकलं. तिने क्युपाय वापरलं होतं, कार्डावर आकडेमोड करणारी पायथनची लायब्ररी, साध्या प्रोसेसरवरच्या नमपाय लायब्ररीसारखंच लिहायचं, फक्त एनपी या छोट्या नावाच्या जागी सीपी, इथवर ठीक. पण दर स्टेपनंतर ग्राफ काढायला पूर्ण ॲरे परत मागवत होती, 1.6 कोटी आकडे, प्रत्येकी 8 बाइट, म्हणजे 128 एमबी, आणि पुढच्या स्टेपला तेवढेच परत कार्डात. कार्डाची स्वतःची मेमरी सुसाट, पण मदरबोर्डकडे जाणारा रस्ता त्यामानाने गल्ली. गेममध्ये ते चालतं कारण टेक्स्चर एकदा भरलं की चित्र थेट स्क्रीनवर जातं, परत कोण मागतो? तिला म्हटलं डेटा आतच राहू दे, 500 स्टेपनी एकदा बाहेर काढ. अजून एक, लूपमध्ये कडेच्या खान्यांसाठी इफ-एल्स टाकू नकोस, कारण कार्डातले 32 थ्रेड, म्हणजे आपल्या पोळ्या लाटणाऱ्या बायका, एका दमात एकच काम करतात, त्यातल्या एकीने पुरी लाटायला घेतली की बाकीच्या 31 जणी लाटणं धरून बसल्या.

आणि डबल प्रिसिजन? नमपाय आपणहून 64 बिट धरतं, गेमच्या कार्डांवर मात्र त्याचा वेग सिंगलच्या 32 वा किंवा 64 वा भाग ठेवलेला असतो, गेमला लागतच नाही म्हणून. मी म्हटलं फ्लोट 32, म्हणजे 32 बिटचं सिंगल, करून बघ, तर ऐकेना, गाईड ओरडतील म्हणे. शेवटी छोट्या 200 बाय 200 च्या पत्र्यावर दोन्ही चालवून फरक बघायचा ठरलं आणि तोवर ताईने पोहे आणले.