कोळ्याचं रेशीम लॅबमध्ये कसं आलं: थोडी पार्श्वभूमी

पावसाळा सरताना पेंचच्या जंगलात दोन झाडांच्या मधात मोठी पिवळसर जाळी लागलेली असतात, त्यातला एखादा धागा अंगाला लागला तर पटकन तुटत नाही, ताणतो. असा धागा मिळवायचा तर कोळी पाळावे लागतील अन् ते एकत्र ठेवले की एकमेकांना खातात. मादागास्करमध्ये २००९ ला ह्या धाग्याचं एक सोनेरी कापड बनलं, त्याला दहा लाखांवर कोळी अन् चार वर्षं लागली, म्हणजे धंदा म्हणून विषयच संपला.

मग शास्त्रज्ञ जीनकडे वळले, म्हणजे कोळ्याचा रेशमाचा जीन बॅक्टेरियात घालून त्यांच्याकडून ते प्रोटीन बनवून घ्यायचं. १९७८ ला बॅक्टेरियाकडून इन्सुलिन बनवून झालं होतं, तर रेशीम का नाही? १९९० ला अमेरिकेत रँडी लुईस यांच्या टीमने कोळ्याच्या रेशमाच्या जीनचा काही भाग वाचला आणि खरी अडचण इथूनच सुरू झाली. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं (ज्यांच्या माळेने प्रोटीन बनतं ते मणी), रेशमाच्या प्रोटीनमध्ये तीन हजारांच्या आसपास, त्यात पण ग्लायसीन-अ‍ॅलनीन तेच ते परत परत, त्यामुळे ई. कोलाय ह्या बॅक्टेरियामध्ये ग्लायसीन आणून देणारे टीआरएनए नावाचे रेणू कमी पडतात अन् प्रोटीन अर्धवट राहतं. कॅनडाच्या नेक्सिया कंपनीने तो जीन बकरीत घालून तिच्या दुधातून प्रोटीन काढायचं ठरवलं, बातम्या खूप झाल्या, कंपनी टिकली नाही. २०१० ला कोरियात सांग युप ली यांच्या टीमने ई. कोलायमध्येच ते टीआरएनए वाढवले आणि कोळ्याएवढंच मोठं प्रोटीन काढून दाखवलं. मला तर ह्या सगळ्यात हेच काम सर्वात मोठं वाटतं.

आता आपल्या विदर्भातला कोसा बघा. ऐन-अर्जुनावर वाढणारी टसरची अळी, गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढिवर लोकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली. तिच्या धाग्यात अ‍ॅलनीनच्या सलग माळा असतात, कोळ्याच्या धाग्यात असतात तशाच, तुतीच्या रेशमात तसं नसतं. शिवाय आरजीडी नावाचा तीन अमिनो आम्लांचा तुकडा असतो, त्याला पेशी धरून राहतात, म्हणून टिश्यू इंजिनिअरिंगसाठी (लॅबमध्ये शरीराच्या ऊती वाढवायला) खरगपूर आयआयटीत टसरवर बरंच काम झालंय. इथे नागपुरात मात्र कोशाची गोष्ट साडीच्या भावापुढे जात नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

प्रोटीन मिळालं तरी कपडा बाकीच होता. जपानच्या स्पायबर कंपनीने २०१५ ला नॉर्थ फेस ह्या कपड्यांच्या ब्रँडसोबत एक जॅकेट दाखवलं, पण कोळ्याचा धागा ओला झाला की आकसतो, बर्फापाण्यात घालायच्या जॅकेटला ते कसं चालणार. शेवटी त्यांनी प्रोटीनमधला अमिनो आम्लांचा क्रमच बदलला, म्हणजे कोळ्याकडे नसलेलं प्रोटीन तयार केलं, आणि २०१९ ला त्यापासून बनलेल्या जॅकेटचे ५० नग विकायला काढले.