ट्रॅक्टर मेकॅनिक व्हायचंय? आयटीआय प्रवेशाची पात्रता, कागदपत्रं आणि विकल्पांचा क्रम

महाराष्ट्रात दहावीनंतर ट्रॅक्टर आणि शेती-अवजारांच्या दुरुस्तीचं शिक्षण घ्यायचं असेल, तर आयटीआयमधले दोन ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, आधी पाहा. ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ १ वर्षाचा आहे, ‘मेकॅनिक अ‍ॅग्रिकल्चरल मशिनरी’ २ वर्षांचा. दोन्हीकडे दहावी उत्तीर्ण आणि वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. कमाल वयाची अट नाही. दहावी राहिली असेल तरी वेल्डरचा मार्ग मोकळा आहे.

घरी लगेच कमाईची निकड नसेल तर २ वर्षांचाच ट्रेड घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन, कारण दहावी आणि २ वर्षांच्या आयटीआयवर पुढे इंजिनिअरिंग पदविकेच्या (डिप्लोमाच्या) थेट दुसऱ्या वर्षासाठी प्रयत्न करता येतो. पण १ वर्षाचा ट्रेडही कमी नाही. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हचा, गॅप लावणं, डिझेल लाइनमध्ये अडकलेली हवा काढणं, क्लच, हायड्रॉलिक लिफ्ट, हे सगळं हाताने करावं लागतं.

अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. शुल्क भरलं की काम संपलं असं अनेक पालक समजतात. तसं नाही. मूळ कागदपत्रं आयटीआयमध्ये तपासून अर्ज ‘निश्चित’ झाला, तरच नाव गुणवत्ता यादीत येतं.

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि अधिवास प्रमाणपत्र जवळ ठेवा. आरक्षणासाठी जातीचा दाखला लागतो. ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती व भटक्या जमाती) आणि विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) उमेदवारांना नॉन-क्रीमीलेअरही लागतं. त्यावरची मुदत आजच वाचा. ती संपलेली असेल तर नव्या दाखल्यासाठी निकालाची वाट पाहू नका, तेव्हा सेवा केंद्रांवर रांगा लागतात.

आता विकल्प. संस्था आणि ट्रेड यांचा पसंतीक्रम म्हणजे विकल्प, आणि खरी चूक इथेच होते. सायबर कॅफेवाल्याने घाईत भरलेल्या यादीत फिटर पहिला आला आणि पहिल्या फेरीत तोच मिळाला, तर प्रवेश घेणं बंधनकारक असतं. नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून यादी मुलाने किंवा मुलीने स्वतः बसून भरावी, आणि एक नंबरला तेच लिहावं जे खरोखर शिकायचं आहे.

जागा मिळाल्याचा मेसेज आला की दिलेल्या तारखांच्या आत मूळ कागदपत्रं आणि फी घेऊन त्या संस्थेत जा. तारीख उलटली की ती जागा पुढच्या फेरीत जाते.