मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची दीर्घकालीन जीवितता

मूत्रपिंड (किडनी) प्रत्यारोपणाचे पहिले वर्ष पार पडल्यावर रुग्ण आणि त्याला बसवलेले मूत्रपिंड पुढे किती काळ टिकतात, याचा विचार या संज्ञेत येतो. येथे दोन आयुष्ये मोजायची असतात आणि ती बरोबरीने संपतीलच असे नाही. मूत्रपिंड निकामी झाले तरी रुग्ण डायलिसिसवर परत जाऊन किंवा दुसरे प्रत्यारोपण करून घेऊन जगू शकतो. उलट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) अगदी व्यवस्थित असलेला रुग्ण हृदयविकाराने किंवा जंतुसंसर्गाने दगावू शकतो. त्यामुळे आकडे तीन प्रकारे मांडले जातात. एकात फक्त रुग्ण हयात आहे की नाही हे पाहतात. दुसऱ्यात मूत्रपिंड बंद पडणे आणि रुग्णाचा मृत्यू या दोन्ही घटना मूत्रपिंडाचा शेवट म्हणून धरतात. तिसऱ्यात मृत्यू वगळून केवळ मूत्रपिंडाचे निकामी होणे मोजतात. एकाच रुग्णालयाचे दहा वर्षांचे यश या तीन पद्धतींनी तीन वेगळ्या आकड्यांत येते. जाहिरातीतला किंवा बातमीतला टक्का वाचताना तो यांपैकी कोणता, हे आधी विचारावे.

इतिहास : कायम टिकलेले पहिले प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात जोसेफ मरे आणि सहकाऱ्यांनी केले. रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याच्या एकरूप जुळ्या भावाला, रिचर्डला बसवण्यात आले. दोघांच्या पेशींची ओळख सारखीच असल्याने शरीराने ते नाकारण्याचा प्रश्नच आला नाही. रिचर्डने लग्न केले, त्याला दोन मुली झाल्या, आणि आठ वर्षांनी, १९६३ मध्ये, तो वारला. त्याचा मूळ मूत्रपिंडविकार नव्या मूत्रपिंडातही उलटला होता. म्हणजे नकाराची अडचण नसतानाही दीर्घायुष्य हाती लागेलच असे नाही, हे पहिल्याच यशस्वी रुग्णात दिसले होते. त्याच रुग्णालयात १९५६ मध्ये जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड मिळालेल्या एडिथ हेल्म यांची गोष्ट अगदी निराळी झाली. १९५८ मध्ये त्या आई झाल्या. प्रत्यारोपणानंतर बाळंत झालेली ही पहिली स्त्री. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा शस्त्रक्रियेला जवळजवळ ५५ वर्षे होत आली होती. दाता रोनाल्ड हेरिक एकाच मूत्रपिंडावर २०१० पर्यंत, वयाच्या ७९ व्या वर्षापर्यंत जगला. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

जुळे भावंड सगळ्यांना नसते. बाकीच्यांसाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे लागली. १९६० च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रीन आणि स्टिरॉइड यांची जोडी रूढ झाली, तरी मृत दात्याचे मूत्रपिंड वर्षभर टिकण्याची शक्यता साधारण निम्मीच असे. नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावरच्या मातीतील बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन १९८३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि चित्र पालटले. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतील जीवाणूपासून १९८४ मध्ये सापडलेले टॅक्रोलिमस पुढे त्याच्या जागी आले. त्याच्या जोडीला मायकोफेनोलेट आणि थोडे स्टिरॉइड, हा तिहेरी औषधोपचार आज बहुतेक देशांत चालतो. यामुळे पहिल्या वर्षातली झुंज बव्हंशी जिंकली गेली. अचानक येणारे तीव्र रिजेक्शन (शरीराने मूत्रपिंड नाकारणे) कमी झाले, की दहाव्या-पंधराव्या वर्षाचे आकडे आपोआप सुधारतील अशी अपेक्षा होती. ते त्या वेगाने सुधारले नाहीत. या विषयाचा खरा गाभा हाच आहे.

आकडे : प्रत्यारोपणाने आयुष्य वाढते का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण प्रत्यारोपणासाठी मुळात धडधाकट रुग्णच निवडले जातात, त्यांची तुलना डायलिसिसवरच्या सगळ्यांशी केली तर ती अन्यायाची ठरते. १९९९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुल्फ आणि सहकाऱ्यांनी ही अडचण ओळखून, मृत दात्याचे मूत्रपिंड मिळालेल्यांची तुलना प्रतीक्षा यादीतच राहिलेल्यांशी केली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका यादीतल्यांच्या २.८ पट होता. साधारण साडेतीन महिन्यांनी तो दोन्हीकडे सारखा झाला, आणि पुढे दीर्घकाळात प्रत्यारोपण झालेल्यांचा धोका ६८ टक्क्यांनी कमी राहिला. अंदाजे आयुर्मान १० वर्षांवरून २० वर्षांवर गेले.

मूत्रपिंडाचे स्वतःचे आयुष्य दात्यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकेतील नोंदींवरून केलेल्या अंदाजानुसार १९९५–९९ या काळात मृत दात्याची निम्मी मूत्रपिंडे ८.२ वर्षांत आणि जिवंत दात्याची १२.१ वर्षांत संपत. २०१४–१७ या काळातील प्रत्यारोपणांसाठी हे अंदाज ११.७ आणि १९.२ वर्षे आहेत. जिवंत दात्याचे मूत्रपिंड निरोगी शरीरातून येते आणि बर्फात फार वेळ पडून राहत नाही. शिवाय डायलिसिसवर वर्षे घालवण्याआधीच ते बसवता येते. हा फायदा इतका मोठा आहे, की फारशी जुळणी नसलेल्या पतीचे किंवा पत्नीचे मूत्रपिंडही अनेकदा चांगले टिकते.

मूत्रपिंड उशिरा का निकामी होते : पूर्वी याला ‘जुनाट रिजेक्शन’ म्हणून मोकळे होत. बायॉप्सीचे (मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचे) वाचन आणि प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) तपासण्या सुधारल्यावर त्यामागे अनेक कारणे दिसू लागली. सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे दात्याच्या ऊतींविरुद्ध रुग्णाच्या रक्तात हळूहळू तयार होणारी प्रतिपिंडे. ती मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर वर्षानुवर्षे खराब करत राहतात. रुग्णाला काहीच जाणवत नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, क्रिएटिनिन १.२ वरून १.६, मग २ वर सरकते, आणि तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते. या अवस्थेवर आजही खात्रीचा इलाज नाही.

ही प्रतिपिंडे तयार होण्यामागे पुष्कळदा चुकलेल्या गोळ्या असतात. किशोरवयीन आणि विशीतल्या रुग्णांत हे सर्वाधिक आढळते, कारण स्टिरॉइडने चेहरा सुजतो, मुरमे येतात, आणि ‘आता तर बरा आहे मी’ असे वाटण्याचेच ते वय असते. पण सगळा दोष रुग्णाच्या बेफिकिरीवर ढकलणे बरोबर नाही. गोळ्या महाग असतात, गावात मिळत नाहीत, दुकानदार एका कंपनीऐवजी दुसरीची पाकिटे देतो. टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण, ज्याला रुग्ण नुसते ‘लेव्हल’ म्हणतात, थोडे खाली गेले तर रिजेक्शन आणि थोडे वर गेले तर मूत्रपिंडालाच इजा, अशी या औषधाची चिंचोळी वाट आहे. मूत्रपिंड वाचवणारे औषधच दीर्घकाळात त्याला घातक ठरू शकते, हा या उपचाराचा पेच आहे. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांनी ही लेव्हल वाढते, म्हणून ती फळे वर्ज्य करायला सांगतात. भारतात अशीच लेव्हल वाढवणारी डिल्टियाझेम किंवा केटोकोनॅझोल ही औषधे सोबत देऊन महागड्या गोळ्यांचा डोस मुद्दाम कमी केला जात असे. गरजेतून आलेली ही युक्ती शास्त्राला धरून होती.

याशिवाय मूळ आजार उलटणे आणि बीके विषाणूचा (प्रतिकारशक्ती दडपल्यावर मूत्रपिंडात बळावणाऱ्या विषाणूचा) संसर्ग हीही कारणे आहेत.

रुग्णाच्या मृत्यूची कारणे : श्रीमंत देशांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार, कर्करोग आणि जंतुसंसर्ग ही तीन प्रमुख कारणे ठरतात. हृदयाचे नुकसान बरेचसे डायलिसिसच्या काळातच सुरू झालेले असते, आणि औषधांमुळे वाढणारा रक्तदाब, चरबी व नव्याने होणारा मधुमेह त्यात भर घालतात. प्रतिकारशक्ती दडपलेली असल्याने कर्करोगाचा धोका वाढतो. गोऱ्या कातडीच्या रुग्णांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, त्वचेचा कर्करोग ही फार मोठी समस्या आहे. भारतीयांत तो त्या मानाने क्वचित दिसतो.

भारतात मात्र संसर्ग आघाडीवर राहिला आहे, आणि त्यात क्षयरोगाला वेगळे स्थान आहे. प्रत्यारोपित रुग्णांत त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या कैक पट आढळते. त्यावरचे मुख्य औषध रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची लेव्हल झपाट्याने पाडते. क्षय आवरावा तर मूत्रपिंड जाण्याची भीती, म्हणून अनेक भारतीय मूत्रपिंडतज्ज्ञ रिफॅम्पिसिन टाळून लांबलेला उपचार देतात.

भारतातील स्थिती : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला, पण रुग्ण फार दिवस जगला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला. केंद्रशासित प्रदेशांखेरीज तो प्रथम महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांना लागू झाला. त्याने मेंदूमृत व्यक्तीचे अवयवदान कायदेशीर केले आणि मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली. तरीही देशातील बहुतेक मूत्रपिंडे आजही जिवंत नातलगांकडूनच येतात. दात्यांत आई, पत्नी, बहीण यांची संख्या मोठी आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांत पुरुषांची, ही विषमता सर्वश्रुत आहे. जिवंत दात्यांमुळे भारतातील मूत्रपिंडांना टिकण्याची चांगली संधी मिळते, पण तिची किंमत कोणी मोजली हे जीविततेच्या तक्त्यात दिसत नाही.

शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखी मदत मिळते, धर्मादाय संस्था धावून येतात, गावात वर्गणी निघते. औषधे मात्र महिन्यामागून महिना, मूत्रपिंड चालू असेपर्यंत घ्यावी लागतात. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात गरीब रुग्णांच्या औषधांसाठी तरतूद आहे, तरी बहुसंख्य घरांत हा खर्च पगारातून किंवा शेतीच्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो. शस्त्रक्रियेला मदत करायची आणि औषधांकडे पाहायचे नाही, हा आंधळेपणा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतही केवळ मूत्रपिंडविकारामुळे मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) मिळालेल्यांची औषधे प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी बंद होत आणि पुढे मूत्रपिंड गेले की त्याहून महागडे डायलिसिस पुन्हा सरकारी खर्चाने सुरू होई. ही अट १ जानेवारी २०२३ पासून सैल झाली.

पुढील वाटा : मूत्रपिंडाला इजा न करणारे बेलाटासेप्ट हे शिरेतून द्यायचे औषध २०११ मध्ये मान्य झाले. सात वर्षांच्या पाठपुराव्यात, मृत्यू किंवा मूत्रपिंड गमावण्याचा धोका सायक्लोस्पोरिनच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी आढळला. दात्याच्याच अस्थिमज्जेतील पेशी देऊन पुढे सर्व औषधे थांबवण्याचे प्रयोगही काही निवडक रुग्णांत यशस्वी झाले आहेत. पहिले मूत्रपिंड गेल्यावर दुसरे बसवता येते. जुने सहसा काढत नाहीत, नवे ओटीपोटाच्या दुसऱ्या बाजूला बसवतात. मात्र पहिल्या वेळी तयार झालेली प्रतिपिंडे जुळणारा दाता मिळणे अवघड करून ठेवतात.