परसातला औषधांचा वाफा

जुलै १६३१ मध्ये लंडनच्या रॉबर्ट हिल नावाच्या किराणा व्यापाऱ्याने बियाण्यांचं एक लांबलचक बिल केलं. गिऱ्हाईक होता धाकटा जॉन विन्थ्रॉप. वडील, थोरले जॉन विन्थ्रॉप, आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सला पोचले होते, आता तोही निघाला होता. बिलात कोबी आणि गाजराबरोबर अँजेलिका, हिसप, रोझमेरी, मॅरिगोल्ड, हॉलीहॉक अशी नावं आहेत. भाजी, औषध आणि फूल एकाच यादीत! न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या इंग्रज वसाहतींच्या, परसातही ती अशीच शेजारी शेजारी वाढत. (हा मॅरिगोल्ड म्हणजे आपला झेंडू नव्हे, तो कॅलेंड्युला. त्याच्या पाकळ्या वाळवून रश्श्यात टाकत. झेंडू मुळात मेक्सिकोकडचा.)

१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले, त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. त्यांनी वसवलेल्या प्लिमथमध्ये वैद्य म्हणावा असा सॅम्युएल फुलर एकटाच. त्यामुळे दुखणंखुपणं घरच्या बाईच्याच गळ्यात. स्वयंपाकघराच्या दाराशी वाफा असे, गुराढोरांनी तुडवू नये म्हणून भोवती कुंपण. पोटदुखीला पुदिन्याच्या जातीची पेनीरॉयल, तापाला फीवरफ्यू, मोडलेल्या हाडावर कॉम्फ्रीचा लेप. हे सगळं आई-आजीकडून आलेलं. पुढे १६५२ मध्ये निकोलस कल्पेपरचं वनौषधींचं स्वस्त पुस्तक निघालं, तेही लॅटिन सोडून साध्या इंग्रजीत. वनस्पती उष्ण की थंड, कोरडी की ओली, हे त्यात दिलेलं असे. शरीरातल्या चार द्रवांचा तोल बिघडला की आजार, हा त्यामागचा समज. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या आपल्याला तो फारसा परका वाटू नये.

पण इंग्लंडचं बियाणं न्यू इंग्लंडच्या थंडीत टिकलं का? याचा रोखठोक हिशेब जॉन जॉसलिनने १६७२ च्या पुस्तकात मांडला. हा माणूस न्यू इंग्लंडात बरीच वर्षं राहिलेला. रोझमेरी या देशाची नव्हे, लॅव्हेंडरला इथली हवा मानवत नाही, असं तो सरळ लिहितो. विन्थ्रॉपच्या बिलात रोझमेरी होती, हे आठवलं की वाईट वाटतं. बडीशेपेची झाडं उपटून हिवाळाभर उबदार तळघरात ठेवावी लागत. क्लॅरी या औषधी वनस्पतीची मुळं कडाक्याने कुजत. कोथिंबीर आणि शेपू मात्र जोमात. फीवरफ्यू आणि टॅन्सीही फोफावलेली. टॅन्सीच्या उग्र वासाने माश्या लांब राहतात म्हणून ती मांसावर चोळत, मृतदेहाजवळही ठेवत.

जॉसलिनने आणखी एक यादी दिली आहे: इंग्रजांनी शेती केली, गुरं पाळली, तेव्हापासून आपोआप उगवू लागलेल्या झाडांची. त्यात डँडेलियन आहे, खाजरी नेटल आहे आणि प्लँटेनही. हे इसबगोलाच्या जातीचं, रुंद पानांचं रोप. जखमेवर, कीटकाच्या दंशावर त्याचं पान ठेचून लावायचं, हा जुना इंग्रजी उपाय. हे लोक जिथे पाय ठेवतात तिथे ते उगवतं, असं पाहून मूळ रहिवाशांनी त्याला नाव ठेवलं ‘इंग्रजाचं पाऊल’. वाफ्यातली टॅन्सीसुद्धा कुंपण ओलांडून गेली. न्यू इंग्लंडच्या रस्त्यांच्या कडेला उन्हाळ्याच्या अखेरीस आजही तिची पिवळी बटणं दिसतात.