बंद करू नये

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या कचेरीत टेबलाखाली एक कॉम्प्युटर होता. मूळचा पांढरा रंग चिकूच्या सालीसारखा झालेला, आणि स्विचवर चिकटपट्टीने लावलेला कागद: ‘बंद करू नये’. अभिषेकाच्या पावत्या, महाजनांची म्हणजे देवस्थानच्या हक्कदार कुळांची यादी, भाविक उतरतात त्या अग्रशाळेच्या खोल्या, पालखीच्या सेवा, सगळं त्याच्या पोटात. १९९७ साली बसवलेला पेंटियम, त्यावर एससीओ युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम. तो लिहिणारा मुलगा दुबईला गेला तो गेलाच.

कागद लावला होता कचेरीतल्या कारकून काकांनी. कारण त्यांना सांगता आलं नसतं, पण अनुभव पक्का होता. वर्षानुवर्षं अखंड फिरणारी हार्ड डिस्क गरम असेपर्यंत चालते. थांबून थंड झाली की बेअरिंगमधलं वंगण घट्ट होतं, कधी वाचणारं हेड तबकडीलाच चिकटतं, आणि पुन्हा फिरायला मोटरचा जोर पुरत नाही. त्यात आमचा पावसाळा. वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. बोर्डावरच्या कपॅसिटरांतला द्रव सुकत आलेला आणि बाहेरच्या पट्ट्यांवर हिरवट गंज. जूनमध्ये वीज गेली की काका आधी मला फोन करत, मग देवाला हात जोडत.

नवा कॉम्प्युटर आणून जुनं युनिक्स त्यावर घालता येत नाही. त्या युनिक्सला आजची डिस्क, आजचं नेटवर्क कार्ड यांची ओळखच नाही. प्रोग्राम नव्याने लिहायचा तर पंचवीस वर्षांत त्यात मुरलेले देवस्थानचे नियम, कुठल्या सेवेचा मान कुठल्या घराण्याकडे वगैरे, कुणी कागदावर उतरवलेले नव्हते. उरला मार्ग सोंगाचा. जत्रेनंतरच्या काल्यात, म्हणजे दशावतारी खेळात, गावचाच माणूस वेश चढवून संकासुर राक्षस होतो, तसं नव्या मशीनने जुन्याचं सोंग घ्यायचं.

हे जमतं, कारण प्रोग्रामला लोखंड दिसत नाही. अमुक पत्त्यावर अमुक आकडा ठेवला की तमुक पत्त्यावर उत्तर मिळतं, एवढंच त्याचं जग. उत्तरं बरोबर येत राहिली तर ती चिप देते आहे की दुसरा प्रोग्राम, हे कळायला त्याला वाव नाही. एक यंत्र दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं वर्णन वाचून त्याच्यासारखं वागू शकतं, हे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ मध्येच कागदावर सिद्ध केलं होतं. धंद्यात ते आलं १९६४ मध्ये. आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी मालिका आणली, पण गिऱ्हाइकांकडे १९५९ च्या १४०१ मशीनसाठी लिहिलेले प्रोग्राम ढिगाने पडले होते. ते टाकून कोण नवं घेणार? म्हणून काही नव्या मशीनमध्ये १४०१ चं सोंग घेण्याची सोयच करून दिली. ‘एम्युलेटर’ हा शब्द त्याच काळातला.

यात दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. दोन प्रोसेसरांची भाषा वेगळी असेल तर प्रत्येक आज्ञेचा अनुवाद करावा लागतो. गोव्यात भाटाचे, म्हणजे बागायतीचे, जुने पोर्तुगीज कागद घेऊन जाणकाराकडे गेलेल्यांना हे सांगायला नको. एकेक ओळ वाचून सांगणारा माणूस वेळ घेतो. शहाणा असेल तो अख्खा परिच्छेद एकदाच मराठीत उतरवून ठेवतो आणि पुन्हा विचारलं की तोच पुढे करतो. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेला क्यूइमू हा एम्युलेटर असंच करतो. आज्ञांचा एक तुकडा घेतो, अनुवाद करतो, जपून ठेवतो. आमचं नशीब असं की जुना आणि नवा दोन्ही प्रोसेसर इंटेलच्याच घराण्यातले, १९७८ च्या ८०८६ पासून भाषा चालत आलेली. त्यामुळे बहुतेक आज्ञा नव्या प्रोसेसरवर थेट चालवता येतात. फक्त सगळ्या मशीनचा ताबा मागणाऱ्या आज्ञा मध्येच अडवाव्या लागतात, आणि २००५ पासून त्यासाठीची सोय चिपमध्येच असते. याला म्हणायचं व्हर्च्युअलायझेशन. प्रोसेसरपुरता प्रश्न इथे मिटतो.

खरं सोंग असतं ते भोवतालच्या वस्तूंचं. डिस्क, घड्याळ, सिरियल पोर्ट, व्हिडिओ कार्ड. आजही क्यूइमूला काही वेगळं सांगितलं नाही तर तो पीसीचं जे मशीन उभं करतो, त्यात इंटेलचा १९९६ सालचा ४४०एफएक्स हा चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिप, असतो. का? त्याची कागदपत्रं उपलब्ध आहेत आणि जुनी-नवी बहुतेक सगळी ऑपरेटिंग सिस्टिम त्याला ओळखते. तुमचं एखादं ढगातलं (क्लाउडवरचं) सर्व्हर भाड्याने घेतलेलं असेल तर कदाचित तेही मनातल्या मनात १९९६ मध्येच बसलेलं असेल.

डिस्कची प्रत काढायची वेळ आली तेव्हा बंद करण्याचा धोका मी घेतला नाही. रात्रीची आरती झाल्यावर युनिक्सवरचे इतर सगळे काढून त्याला एकट्याच्या अवस्थेत आणलं, आणि डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपवर ओढायला लागलो. ४.३ जीबीची डिस्क, ५१२ बाइटचा एकेक सेक्टर. गुणाकार केला तर सेक्टर भरले सुमारे ८४ लाख. काका म्हणाले, “चौऱ्यांशी लक्ष योनी!” पुनर्जन्मासाठी आकडा बरोबर होता. मोठे तुकडे घेतले असते तर काम तासाभरात उरकलं असतं, पण तुकड्यातला एक सेक्टर खराब निघाला की अख्खा तुकडा जातो. म्हणून एकेक. पहाटेचा चौघडा सुरू झाला तेव्हा प्रत पूर्ण झाली. सात सेक्टर वाचता आले नाहीत, त्यांच्या जागी शून्यं. पाच रिकाम्या जागेत होते, दोन अग्रशाळेच्या जुन्या नोंदींत, आणि त्या नोंदींची वही कपाटात होती.

पहिल्यांदा सुरू केलं आणि युनिक्सने हाय खाल्ली. जुनी डिस्क स्कझी जातीची, एम्युलेटरने दाखवलेली आयडीई जातीची. कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, आपली मूळ डिस्क शोधत राहिला, सापडली नाही, संपलं. आयडीईचा ड्रायव्हर जोडून कर्नल पुन्हा बांधायचा तो प्रत काढण्याआधी, जुन्याच मशीनवर. हे मला ठाऊक होतं आणि मी विसरलो होतो. आणखी एक रात्र गेली.

मग घड्याळ. सातच्या आरतीच्या वेळची पावती ६:४० दाखवू लागली. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून या घराण्यात एक टायमर आहे, तो सेकंदाला ११,९३,१८२ वेळा धडधडतो. हा विचित्र आकडा आला अमेरिकन रंगीत टीव्हीतून. त्या कामाचे स्फटिक स्वस्त मिळत, म्हणून १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा घेऊन बाराने भागला. युनिक्स या टायमरकडून सेकंदाला १०० ठोके मागून घेतं आणि ते मोजत वेळ ठरवतं. खऱ्या मशीनमध्ये ठोका चुकत नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे मात्र नव्या कॉम्प्युटरवरच्या अनेक कामांपैकी एक काम. बाकीची गर्दी झाली की त्याचे काही ठोके निसटतात आणि आतला काळ मागे पडतो. चुकलेले ठोके मागाहून भरून द्यायची आज्ञा एम्युलेटरला देता येते. ती दिल्यावर देवाची वेळ आणि पावतीची वेळ जुळली.

शेवटचं कोडं देवनागरीचं होतं, आणि मला सगळ्यात जास्त भावलेलं तेच. काउंटरवर दोन जिस्ट टर्मिनल होते, म्हणजे सर्व्हरला जोडलेले, देवनागरी दाखवणारे पडदे आणि कीबोर्ड. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं आणि मग पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं हे तंत्र. सर्व्हरला मराठी अक्षर म्हणजे काय ते माहीतच नाही. त्याच्या फायलीत १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकाचे आकडे पडून असतात: क म्हणजे १७९, हलन्त म्हणजे २३२, ष म्हणजे २१४. हे तीन आकडे ओळीने आले की ‘क्ष’ काढायचं काम टर्मिनलमधल्या चिपचं. सर्व्हर सोंगात गेला तरी टर्मिनल खरे होते, नव्या कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला जोडले आणि चालले. श्रावणात त्यातला एक विझला. दुसरा बाजारात मिळणार नाही, आणि जिस्टच्या चिपचं सोंग घेणारा एम्युलेटर मला कुठे सापडला नाही. मानक मात्र छापील होतं. म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला: सर्व्हरकडून आलेला इस्कीचा आकडा घ्यायचा, तक्त्यात बघायचं, युनिकोडचं अक्षर साध्या स्क्रीनवर दाखवायचं. युनिकोडमधला देवनागरीचा क्रम इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला, त्यामुळे तक्ता दुपारभरात झाला.

काकांनी महाजनांची यादी उघडली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. “हे काय? आमचं नाव चुकलं.” पडद्यावर ‘कर्हाडे’ होतं. २०८ हा आकडा म्हणजे ऱ, तो दाक्षिणात्य भाषांसाठी असेल असं समजून मी त्याला साध्या र वर बसवला होता. पण ऱ ला हलन्त जोडला की मराठीतला तो वळणदार अर्धा र तयार होतो, इस्कीतही आणि युनिकोडमध्येही. तक्त्यातली एक ओळ बदलली. ‘कऱ्हाडे’ आलं, आणि काका पुढचं पान उघडून तपासायला बसले.