आयनीकारक वायुशोधक : मोठ्या इमारतींसाठी मूल्यमापन

आयनीकारक वायुशोधक म्हणजे उच्च विद्युतदाब वापरून हवेतील रेणूंना धन किंवा ऋण भार देणारे, अर्थात आयन निर्माण करणारे उपकरण. मोठ्या इमारतीत ते एअर हँडलिंग युनिटमध्ये, म्हणजे सगळे ज्याला ‘एएचयू’ म्हणतात त्यात, किंवा मुख्य डक्टमध्ये, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळीत, बसवतात. काही उपकरणांत सुईसारखी टोके किंवा कार्बन तंतूंचे ब्रश असतात, तर काहींत काचेच्या नळ्या. हे आयन चिकटून भारित झालेले धूलिकण एकमेकांना किंवा भिंतींना चिकटतात, त्यामुळे ते फिल्टरमध्ये अडकतात किंवा हवेतून खाली बसतात. आयनांमुळे जंतू निष्क्रिय होतात आणि वासही कमी होतो, असा उत्पादकांचा दावा असतो. कोविडच्या साथीत या उपकरणांची मागणी जगभर वाढली. पुण्यात हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातील कार्यालयीन संकुलांत हजारो माणसे दिवसभर डक्टमधून आलेल्या हवेवर असतात. अशा ठिकाणी हे दावे तपासूनच घेणे ही माणसांच्या आरोग्याची बाब आहे.

भारित कण एकत्र येतात, हे भौतिकशास्त्र खरे आहे. मात्र आयन अल्पायुषी असतात. विरुद्ध भाराच्या आयनांशी गाठ पडली की ते विझतात, आणि डक्टचा पत्रा, वळणे व जाळ्याही त्यांना खाऊन टाकतात. म्हणून उपकरणाच्या तोंडाशी मोजलेली आयनसंख्या फारशी उपयोगाची नाही. ती माणूस बसतो त्या टेबलापाशी मोजावी लागते.

माहितीपत्रकांत बहुधा ‘३० मिनिटांत ९९ टक्के’ अशा थाटाचा आकडा असतो. तो खोटा असतोच असे नाही, पण तो बंद खोलीतला असतो. आणि यंत्र बंद ठेवले तरी त्या खोलीतले कण खाली बसतात, जंतू मरतात. एक काल्पनिक हिशेब पाहू. ३० घनमीटरच्या चाचणी-खोलीत यंत्र चालू असताना अर्ध्या तासात ९९ टक्के घट झाली आणि बंद असताना ९५ टक्के. घटीचा दर काढला तर तो खोलीतली हवा तासाला अनुक्रमे ९.२ आणि ६ वेळा शुद्ध झाल्यासारखा येतो; यंत्राची स्वतःची कमाई उरते ३.२. तिला ३० ने गुणले की तासाला सुमारे ९६ घनमीटर शुद्ध हवा मिळाली, असा अर्थ होतो. आता १०,००० चौरस फुटांचा एक मजला घ्या, जिथे एएचयू १०,००० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट), म्हणजे तासाला सुमारे १७,००० घनमीटर हवा फिरवतो. त्यापुढे ९६ हा आकडा एक टक्काही भरत नाही. याच एएचयूत ८० टक्के हवा परत फिरत असेल आणि मर्व्ह १३ दर्जाचा (मर्व्ह हे फिल्टरच्या गाळणक्षमतेचे मोजमाप) फिल्टर नीट बसवला असेल, तर ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांसाठी तो किमान ५० टक्के धरतो; म्हणजे तासाला सुमारे ६,८०० घनमीटर. प्रत्यक्ष यंत्र मोठे असेल, संख्येने जास्त असेल, हे मान्य. पण विक्रेत्याने आपला आकडा याच एककात मांडायला हवा. अमेरिकेतील ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचे २०२३ चे मानक २४१ हवेतून पसरणाऱ्या संसर्गासाठी अशीच ‘समतुल्य शुद्ध हवा’ मोजते, आणि शोधक उपकरणांची परिणामकारकता व सुरक्षितता दोन्ही तपासायला लावते.

प्रत्यक्ष वापरातले पुरावे फार उत्साहवर्धक नाहीत. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसह तीन अमेरिकी संस्थांच्या संशोधकांनी २०२१ मध्ये डक्टमधील एका द्विध्रुवी (धन व ऋण दोन्ही आयन देणाऱ्या) यंत्राची चाचणी प्रयोगशाळेत आणि वापरातल्या कार्यालयात केली. सूक्ष्म कणांवर परिणाम नगण्य होता. झायलीनसारखी काही सेंद्रिय रसायने घटली. ॲसिटोन, इथेनॉल, टोल्यूइन मात्र वाढली. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए या तंत्राला अजून ‘उदयोन्मुख’ म्हणते.

दुसरा प्रश्न ओझोनचा. विद्युतविसर्गात ओझोन तयार होऊ शकतो, आणि काचेच्या नळ्यांच्या प्रकारात ती जोखीम जास्त असते. यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेच्या ‘यूएल २९९८’ प्रमाणपत्राची ओझोनची मर्यादा ५ पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत ५ भाग) आहे, जुन्या यूएल ८६७ ची ५० पीपीबी. फरक दहापट आहे, त्यामुळे ‘यूएल प्रमाणित’ एवढेच वाचून थांबू नये. भारतीय मानकात बाहेरच्या हवेसाठी आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे साधारण ५० पीपीबी. आपल्याकडे फरशी पुसायला पाइन तेलाचे पांढरे फिनाइल किंवा लिंबाच्या वासाचा क्लीनर असतो. त्यातील टर्पीन वर्गाच्या द्रव्यांशी ओझोनची अभिक्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार होतात. चाचणीच्या दिवशी साफसफाईची वेळही नोंदवावी. ही नोंद सहसा राहून जाते.

पुण्यातील चाचणीत सर्वांत मोठी फसगत ऋतूची होते. हिवाळ्यात तापमान-व्युत्क्रमामुळे, म्हणजे वर उबदार व खाली थंड हवा राहिल्याने, धूर व धूळ जमिनीलगत अडकते, दिवाळीत फटाक्यांची भर पडते, आणि जूनच्या पावसात हवा धुऊन निघते. मे महिन्यात यंत्र बसवून जुलैत ‘पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण) निम्म्यावर आले’ असे सांगितले, तर त्यातले श्रेय पावसाचे किती हे वेगळे करता येत नाही. त्यातच दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात व स्वस्त प्रकाशीय सेन्सर चुकीचे, वाढीव आकडे दाखवतात. म्हणून एकाच इमारतीतील दोन सारखे मजले निवडावेत. एका आठवड्यात एकावर यंत्र चालू, दुसऱ्यावर बंद, पुढच्या आठवड्यात उलट, असे किमान काही आठवडे करावे. कर्मचाऱ्यांना आणि शक्यतो मोजणाऱ्यालाही कोणता मजला चालू आहे हे सांगू नये. बाहेरच्या हवेसाठी पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ या हवा-गुणवत्ता प्रकल्पाची आकडेवारी सोबत ठेवता येते, पण गच्चीवर आपला स्वतःचा सेन्सर हवाच. भारतात पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० आणि वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, हे तुलनेला उपयोगी पडते.

आणखी एक दावा वीजबचतीचा. आयनीकारक बसवला की ताज्या हवेचा डॅम्पर (झडप) अर्धा मिटवता येतो, चिलरचा (थंडावा देणाऱ्या यंत्राचा) भार कमी होतो, असे सांगतात. ॲश्रेच्या वायुवीजन मानक ६२.१ मधील एक पद्धत हवा शुद्ध केल्याच्या बदल्यात ताजी हवा कमी करू देते, पण प्रदूषकांचा हिशेब मांडूनच. आयनीकारक कार्बन डायऑक्साइड काढत नाही. बैठकीच्या खोलीत तो १,५०० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत १,५०० भाग) गेला आणि माणसे जांभया देऊ लागली, तर तिथे ताजी हवा कमी पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणूनच मूल्यमापन यंत्रापासून सुरू करू नये. आधी एएचयू उघडून पाहावा. फिल्टरच्या चौकटीभोवती फटी आहेत का, पंख्याला मर्व्ह १३ चा दाब झेपतो का, फ्रेश एअर डॅम्पर खरोखर उघडतो का? हे दुरुस्त करूनही काही उणीव राहिली, तरच आयनीकारकाचा विचार करावा. मग करारात स्वतंत्र प्रयोगशाळेकडून ओझोन, फॉर्मल्डिहाइड व अतिसूक्ष्म कणांची मोजणी, टेबलापाशी केलेली, लिहून घ्यावी. बांधकामांच्या धुळीने सुया व ब्रश लवकर माखतात, आणि तसे झाले की आयन कमी होतात. तेव्हा सफाईचे वेळापत्रक ठरवून एक वर्षाने, त्याच ऋतूत, तीच मोजणी पुन्हा करावी.