शिकल्यावर मेंदूवर नवी सुरकुती पडते का?

‘प्रत्येक नवी गोष्ट शिकलात की मेंदूवर एक नवी सुरकुती पडते’, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. ऐकायला तो पटतो, कारण शिकण्याने मेंदू बदलतो हे खरंच आहे. फक्त बदल तिथे होत नाही.

मेंदूच्या ठळक वळ्या गर्भातच पडतात. नवजात बाळाच्या मेंदूचं एमआरआय चित्र एखाद्या वैद्यकीय पुस्तकात पाहा. एक शब्दही न शिकलेल्या त्या मेंदूवर वळ्या स्पष्ट दिसतात. डॉल्फिनच्या मेंदूवर तर माणसापेक्षा जास्त असतात!

मग बदलतं काय? दोन चेतापेशींमधला सांधा, म्हणजे सिनॅप्स. त्यातली फट साधारण २० नॅनोमीटरची, डोळ्यांना दिसणं अशक्यच. पहिली पेशी ग्लुटामेट हे संदेश पोचवणारं रसायन सोडते. त्याच वेळी दुसरी पेशीही पुरेशी उत्तेजित असेल, तर तिच्या एका प्रकारच्या ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, बुच लावून बसलेला मॅग्नेशियम आयन बाजूला होतो आणि कॅल्शियम आत शिरतं. त्याच्या इशाऱ्यावर आणखी ग्राही पृष्ठभागावर येतात. पुढच्या वेळी तेवढ्याच संदेशाला उत्तर जास्त जोरात मिळतं. सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, हे बळकटीकरण तासन्‌तास टिकल्याचं १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. शिकण्यामागची ही एकमेव यंत्रणा नव्हे, पण महत्त्वाची नक्कीच.

वळ्या मोजून हुशारी ठरवण्याचा मोह म्हणूनच सोडावा. आणि काही सांधे सैल पडणं हाही शिकण्याचाच भाग असतो, हे त्या मजकुरात कधीच नसतं.